दुसरी रायफल

सिद्धेशनं अहिल्याच्या गराजचं दार अर्ध्याच्या खाली आणलं, वाकून रस्त्यावर एकदा नजर टाकली आणि मगच गिटारच्या त्या दोन लांब केसेस वर्कबेंचवर आडव्या ठेवल्या.

"समोरचे लोक लॉनवरच बसलेत, काकू," तो म्हणाला. "उगाच कुणी नाइन-वन-वनला फोन करायला नको. नुसता आकार दिसला तरी पुरतं इथे."

"मग आत हॉलमध्येच आणायच्या होत्यास."

"नको. तुमच्या कार्पेटवर तेल सांडलं तर परत कधी पोहे मिळणार नाहीत."

अहिल्या हसली, पण तिचे दोन्ही हात स्वेटरच्या खिशातच राहिले.

सिद्धेश मूळचा नागपूरचा. अमेरिकेत, बॉथेलमध्ये तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचा आणि आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसून शनिवारी सैनिक व्हायचा. तो आणि त्याचे सात मित्र स्नोहोमिशच्या पुढच्या जंगलात जाऊन लुटुपुटीची लढाई खेळत. हुबेहूब खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या बंदुका, त्यातून उडणारे प्लॅस्टिकचे बारीक छर्रे, आणि ज्याला छर्रा लागेल त्यानं प्रामाणिकपणे हात वर करून बाजूला व्हायचं, असा तो खेळ. ऑगस्टमध्ये मोठा कार्यक्रम होता. दुसऱ्या महायुद्धातली इटलीची आघाडी. बाकीचे लोक अमेरिकन, जर्मन, ब्रिटिश व्हायचे. हे आठजण मराठा पलटणीचे जवान होणार होते. त्यासाठी थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या आठ सारख्या प्रतिकृती मागवायच्या होत्या. दोन कंपन्यांच्या मिळत होत्या. दोन्हींचा एकेक नमुना त्यानं आणला होता आणि कुठली घ्यावी यावरून त्यांच्या ग्रुपमध्ये तीन आठवडे वाद चालला होता.

यात अहिल्या आली ती तिच्याच जिभेमुळे. पाडव्याच्या पॉटलकला सिद्धेश कुणाला तरी सांगत होता, की या रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा सरकता दांडा, मागे खेचला की घोडा चढतो. हातात श्रीखंडाची वाटी घेऊन शेजारून जाताना ती बोलून गेली, "मागे खेचताना नाही रे, पुढे सारताना चढतो." सगळे तिच्याकडे बघायला लागले. सहासष्ट वर्षांची, बायोटेकच्या लॅबमधून निवृत्त झालेली, बागेत टोमॅटो लावणारी बाई. मग तिला सांगावंच लागलं, की कॉलेजात एनसीसीत होते, थोडं फायरिंग केलं होतं. तेव्हापासून सिद्धेश मागे लागला होता. दोन महिने तिनं टाळलं. शेवटी तिनं स्वतःची समजूत घातली, की ही खेळणी आहेत, प्लॅस्टिकची. खेळण्याला काय घाबरायचं?

"ही पहिली," सिद्धेशनं केस उघडली. "स्प्रिंगवाली. स्वस्त आहे, हलकी आहे. आमच्यातला संग्राम म्हणतो, दिवसभर जंगलात धावायचं तर हीच घ्या."

सामानाच्या बॅगा तोलायचा आकड्याचा काटा त्यानं खिशातून काढला, रायफलच्या पट्ट्यात अडकवला आणि उचलून धरला. "दोन किलो सहाशे. खरी किती असायची हो?"

"चारच्या आसपास. पण उन्हात उभं केलं की चाळीसची व्हायची."

"घ्या ना हातात. व्हिडिओ काढतो, ग्रुपवर टाकायला. एक्सपर्ट ओपिनियन."

हात खिशातून काढावेच लागले. तिनं रायफल घेतली आणि तिला मनापासून हसू आलं. दस्त्यावर लाकडाच्या रेघा छापलेल्या होत्या. जुन्या डायनिंग टेबलच्या सनमायकासारख्या. तिनं बोल्टची मूठ उचलून मागे ओढली, तर तो ओढताना जड आणि पुढे सारताना पोकळ, अगदीच उलटा. नळीच्या टोकाला कायद्याप्रमाणे नारिंगी रंगाचं टोपण होतं.

"ही कुणी केली त्यानं खरी कधी पाहिलीच नसणार," ती म्हणाली. "बोल्ट सगळा उलटा आहे. हे बघ, इथे हात अडतोय. खऱ्या रायफलमध्ये इथे हात पाण्यातून जावा तसा जातो. म्हणून तर मिनिटाला पंधरा गोळ्या मारायचे लोक."

"तुम्ही किती मारायच्या?"

"नऊ. आमचे शिवराम उस्ताद म्हणायचे, दहाव्या गोळीला तू विचार करत बसतेस."

ते नाव इतक्या सहज तोंडातून निघालं, की तिचं तिलाच नवल वाटलं. मग तिनं त्याला रायफल खांद्याला कशी घट्ट धरायची ते दाखवलं, पट्टा कोपराला कसा गुंडाळायचा ते दाखवलं. पाठ आपोआप ताठ झाली. सिद्धेश फोन धरून खूश होऊन बघत होता. "काकू, भारी! पोरं वेडी होणार हे बघून."

"आता दुसरी काढ," ती म्हणाली.

दुसरी त्यानं दोन हातांनी काढली. पोलाद आणि अक्रोडाचं लाकूड. काट्यानं तीन किलो आठशे दाखवले. ही गॅसवर चालायची, आणि हिच्यात छर्रे नुसते ओतायचे नव्हते. पितळेची खोटी काडतुसं होती, प्रत्येकाच्या टोकाला एकेक छर्रा बसवायचा. बोल्ट मागे घेतला की खऱ्यासारखं रिकामं काडतूस उडून बाहेर पडायचं. सिद्धेशनं पाच काडतुसं वरून दाबून भरली आणि रायफल तिच्या हातात दिली.

"गॅस भरलेला नाही, सेफ आहे. नुसता बोल्ट सांगा कसा वाटतो."

तेलाचा वास आला. तिनं मूठ धरली आणि मागे घेतलेला बोल्ट पुढे सारला.

बोल्ट निम्म्यापर्यंत सरसर गेला. मग, क्षणाच्याही एका तुकड्यापुरतं, काहीतरी लागलं. अडलं असंही नाही. आतून कुणी हलकेच बोट लावावं आणि काढून घ्यावं, तसं. मग बोल्ट पुढे गेला आणि मूठ खाली बसली.

अहिल्या तशीच उभी राहिली. तळहात मुठीवर होता.

"काय झालं? अडकली का?"

"नाही," ती म्हणाली. "अगदी बरोबर आहे."

"म्हणजे असाच असतो?"

"काडतूस असलं की असाच असतो. नसलं की नाही."

सिद्धेशनं ते फोनमध्ये टिपून घेतलं. तिच्या आवाजात काही बदललंय हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याचा पुढचा प्रश्न तयार होता. आपल्या पोरांना नेम धरायला शिकवायचं तर गोळ्या न उडवता कसं शिकवायचं? तुम्हाला कसं शिकवलं? आणि अहिल्याची नजर अजून मुठीवरच होती, म्हणून असेल कदाचित, तिनं सांगून टाकलं. लोखंडाची एक चकती असायची, मधोमध बारीक भोक. समोर एकीनं बसायचं, चकती डोळ्याला लावायची आणि भोकातून बघायचं. दुसरीनं रिकाम्या रायफलनं त्या भोकावर नेम धरायचा आणि चाप ओढायचा. नेम कुठे हलला, हात कुठे थरथरला, ते समोरचीला दिसायचं.

"सॉलिड!" सिद्धेश म्हणाला. बाकावर खिळे-स्क्रूचा डबा होता. त्यानं त्यातून एक वॉशर उचलला, बाकाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन गुडघ्यावर बसला आणि वॉशर डोळ्याला लावला. "असं? माझा डोळा दिसतो का तुम्हाला?"

नारिंगी टोकाच्या पलीकडे, पोलादी कड्याच्या आत, एक काळाभोर जिवंत डोळा होता.

"बाजूला हो."

"अहो काकू, गॅसच नाहीये त्यात."

"बाजूला हो म्हणते ना!"

आवाज तिचा नव्हता. तो परेडच्या मैदानावरचा होता. सिद्धेश उठून भिंतीला जाऊन टेकला. तिनं बोल्ट मागे घेतला. पितळी काडतूस उडालं आणि सिमेंटवर घरंगळत गेलं. दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. मग तिनं करंगळी आत घालून पाहिली, नळी उजेडाकडे करून पाहिली, पुन्हा करंगळी घातली. मग रायफल बाकावर ठेवली आणि हात पुसावेत तसे स्वेटरला पुसले.

बाहेर समोरच्या लॉनवर कुणीतरी मोठ्यानं हसलं.

"सॉरी, काकू," सिद्धेश हळूच म्हणाला. "मी काही... काही चुकीचं केलं का?"

"तू नाही. ही दुसरीच घ्या. हीच बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि मुलांना सांग, उघडून बघितल्याशिवाय कुणी कुणाकडे रोखायची नाही. खेळातली असली तरी. आणि तो व्हिडिओ..."

त्यानं तिच्यासमोर फोन धरला आणि व्हिडिओ पुसून टाकला. काडतुसं एकेक करून गोळा केली. जाताना दाराशी थांबून म्हणाला, "मी थांबू का थोडा वेळ?"

"नको रे. जा तू."

तो गेल्यावर ती गराजमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. उजवा तळहात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

अठ्ठ्याहत्तर साल उजाडायला आठ दिवस होते. कऱ्हाडजवळच्या माळावर मुलींचा कॅम्प. अहिल्या आणि शरयू मिरजेच्या एकाच गल्लीतल्या, एकाच बाकावरच्या. शरयूला एनसीसीची हौस नव्हती. अहिल्याला एकटीला कंटाळा येईल म्हणून ती आली होती. सकाळी रेंजवर फायरिंग झालं. दुपारी रायफली परत आल्या, आणि संध्याकाळी चहाच्या आधी नेम धरायचा सराव लागला. ‘जाँच शस्त्र’ झालं, म्हणजे रायफली रिकाम्या आहेत का ते बघायची आज्ञा. शिकवणारे हवालदार शिवराम उस्ताद ओळीतून फिरत होते. त्यांना पलीकडून कुणीतरी हाक मारली. अहिल्यानं बोल्ट मागे घेतला, आत पाहिलं नाही, शेजारणीचं काहीतरी ऐकून हसत होती, आणि ओरडली, "खाली है, उस्ताद!" बोल्ट पुढे सारला. समोर शरयू मांडी घालून बसलेली, चकती डोळ्याला. "नीट धर गं," ती म्हणाली, "हलतेयस तू."

अहिल्यानं श्वास रोखला आणि शिकवलं होतं तसा चाप हळूहळू ओढला.

सकाळचं एक काडतूस आत राहून गेलं होतं. चौकशी झाली तेव्हा मेजरसाहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. बोल्ट पुढे सारताना काही वेगळं जाणवलं का, असं विचारलं. ती म्हणाली, "नाही सर." शिवराम उस्ताद भिंतीशी उभे होते, त्यांची नजर फरशीवर. ते म्हणाले, शस्त्र तपासणं माझं काम होतं, मी तपासलं नाही. पुढे त्यांची नोकरी गेली. शरयूच्या वडलांनी दिल्लीपर्यंत पत्रं लिहिली आणि पेन्शनही मिळू दिली नाही. अहिल्याला सगळे म्हणाले, पोरी, तुझा काय दोष? उस्तादाचा हलगर्जीपणा. आणि पहिल्याच राखीपौर्णिमेला शरयूच्या आईनं तिला घरी बोलावलं, शरयूच्या धाकट्या भावाला, बारा वर्षांच्या अनिलला, पाटावर बसवलं आणि म्हणाली, "याला बहीण नको का?"

तेव्हापासून सेहेचाळीस राख्या झाल्या. काही हातानं बांधलेल्या, बऱ्याचशा पोस्टानं गेलेल्या. अनिल आता बायकोबरोबर, नैनाबरोबर, अमेरिकेतच पूर्वेकडे एडिसनला असायचा. दर रविवारी त्याचा फोन यायचा. गुरुदत्त, तिचा नवरा, पाच वर्षांपूर्वी गेला तेव्हा अनिलच पहिल्या विमानानं आला होता.

"नाही सर" म्हटलं तेव्हा खोटं बोलतोय हे तिला माहीत होतं का? या प्रश्नाभोवती ती आयुष्यभर फिरत आली होती. कधी वाटायचं, खरंच काही जाणवलं नव्हतं, आपण उगाच आठवण रचतोय. या घरात राहायला आल्यावर बागेच्या फाटकाला सरकती लोखंडी कडी होती. पहिल्याच आठवड्यात तिनं ती बदलून घेतली. गुरुदत्तनं कारण विचारलं नाही. पण आता प्रश्न उरला नव्हता. हातानं आत्ताच ओळख पटवली होती. त्या संध्याकाळी बोल्ट निम्म्यावर असताना तेच बोट आतून लागलं होतं, आणि तिला ते कळलं होतं, आणि ती हसत होती.

साडेचार झाले होते. तिनं अनिलला फोन लावला.

"अगं, आज शनिवारी?" अनिल म्हणाला. "ओक ट्री रोडवर पार्किंगमध्ये बसलोय. नैना आत भाजी घेतेय, म्हणजे अर्धा तास तरी. बोल."

"अनिल, मला एक सांगायचंय. मधे बोलू नकोस."

"बरं."

"शरयूच्या वेळेला बोल्ट जड गेला होता. मला जाणवलं होतं. मी चौकशीत नाही म्हणाले."

मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मग त्यानं काच वर घेतली असावी. सगळं एकदम शांत झालं.

"तू ऐकलंस का?"

"ऐकलं."

"आता म्हणू नकोस, की तू एकोणीस वर्षांची होतीस. ते मी पुष्कळ ऐकलंय."

"नाही म्हणत," अनिल म्हणाला. "मला माहीत आहे, ताई."

"काय माहीत आहे?"

"हेच. जड गेल्याचं."

तिला वाटलं, तो नीट समजला नाहीये. ती पुन्हा सांगू लागली, पण त्यानंच सुरुवात केली. सावकाश, जणू गाडीत शेजारी कुणी झोपलंय अशा आवाजात.

"उस्ताद एकदा आपल्या घरी आले होते. पुढच्याच पावसाळ्यात. बाबांनी त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. ते चालत स्टँडकडे निघाले, तर आईनं मला तांब्या देऊन मागे पळवलं, म्हणाली, पाणी तरी दे, दारातून कुणी तहानलेलं जाऊ नये. एसटी स्टँडवर गाठलं मी त्यांना. पाणी प्यायले. मग मला म्हणाले, बाळ, त्या पोरीला बोल्ट जड लागला असणार. हात सांगतो, पण नव्या माणसाचं डोकं ऐकत नाही. तिला कुणी कधी विचारू नका. विचारलंत तर ती जगायची नाही."

अहिल्यानं फोन दुसऱ्या कानाला धरला.

"मला तेव्हा काही कळलं नाही," अनिल म्हणाला. "बोल्ट म्हणजे काय, तेसुद्धा नाही. मग कॉलेजात गेल्यावर एनसीसी घेतली. तुला आठवतं? तू मला म्हणाली होतीस, कशाला घेतोस, तुझ्या आईला काय वाटेल."

"हो."

"बोल्ट सरकवून बघायला घेतली होती. एकदा रिकामा, एकदा काडतूस घालून. दोन महिन्यांनी सोडून दिली."

तिला तो आठवला. अठरा वर्षांचा, नुकती मिसरूड फुटलेला. त्या वर्षी राखी बांधताना त्यानं वर पाहिलं नव्हतं, आणि तिला वाटलं होतं, मोठा झाला, लाजतोय.

"त्या वर्षीची राखी," ती म्हणाली.

"हात पुढे केला तो आईसाठी. ती शेजारीच उभी होती."

"आणि त्याच्या पुढच्या?"



"काही वर्षं आईसाठीच," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू? मग सवय झाली, ताई."

तिनं डोळे मिटले. यात माफी होती का नाही, ते तिला कळेना; आणि विचारायचा धीर होईना. तिनं वेगळंच विचारलं.

"उस्ताद पुढे कुठे गेले?"

"साखर कारखान्यावर वॉचमन होते. वीस वर्षांपूर्वी बाबा गेल्यावर मी त्यांच्या गावी जाऊन आलो होतो, कोरेगावच्या पुढे. तेव्हा ते अंथरुणावर होते, ओळखलं नाही मला. त्यांच्या मुलीशी बोललो. बाबांनी पत्रं लिहिली ती चूक होती, एवढंच सांगितलं. चार महिन्यांत गेलेच ते."

"एवढंच? माझं काही नाही?"

"ते माझं नव्हतं सांगायचं."

अहिल्या उठून उभी राहिली. गराजच्या दाराखालून उन्हाची लांब पट्टी आत आली होती.

"त्या लोकांना अजून वाटत असेल, की त्यांच्या माणसामुळे..."

"वाटत असेल. मुलीला शाळेत पोरं चिडवायची म्हणे. आता ती सातारला असते, शिक्षिका आहे. रिटायरमेंटला आलीय. नंबर लिहून घेतेस?"

"तुझ्याकडे नंबर आहे?"

"आहे."

"वीस वर्षांपूर्वीचा?"

"मधे बदलला तिनं एकदा. दिवाळीला मेसेज टाकतो मी, म्हणून कळला. माझा फोन बदलला की नव्यात घेत गेलो. बस, तेवढंच." मग घाईघाईनं, "लिही. नैना येतेय बघ."

तिनं लिहून घेतला. पलीकडे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, पिशव्यांची सळसळ, आणि अनिलचा रोजचा आवाज: "हो हो, ताईच आहे. मेथी मिळाली का?" मग फोनमध्ये हळूच, "आत्ता तिकडे पहाट असेल. तिकडच्या आठला कर. रविवार आहे, घरीच असतील त्या."

तीन तास घालवायचे होते. तिनं टोमॅटोंना पाणी घातलं, खिचडी लावली, एक घास खाऊन ताट झाकून ठेवलं. मुलीला, उर्वीला, क्युपर्टिनोला फोन करावा असं एकदा मनात आलं. पण आधी कुणाला सांगायचं याची एक रांग असते, आणि त्या रांगेत उर्वी अजून बरीच मागे होती. काय बोलायचं ते तिनं दोनतीनदा मनात जुळवून पाहिलं. प्रत्येक वाक्य ‘पण’वर येऊन थांबत होतं. मी लहान होते, पण. मला नक्की माहीत नव्हतं, पण. शेवटी तिनं जुळवणं सोडून दिलं.

साडेसातला, तिकडे सकाळचे आठ झाले तेव्हा, इथे कुंपणावर अजून ऊन होतं. तिनं नंबर लावला. चार वेळा घंटी वाजली.

"हॅलो?" बाईचा आवाज, जरा दमलेला. मागे टीव्हीवर कुणीतरी अभंग गात होतं. "कोण बोलतंय?"

"मी अमेरिकेतून बोलतेय. माझं नाव अहिल्या."

"कोण अहिल्या? अनिलदादांच्या घरच्या का?"

"हो. म्हणजे, त्या घरची नाही. मी तुमच्या वडलांच्या कॅम्पमध्ये होते. कऱ्हाडच्या. मुलींच्या."

पलीकडे अभंगाची एक पूर्ण ओळ गाऊन झाली आणि टाळ वाजत राहिले.

"थांबा हं," ती बाई म्हणाली.

टीव्ही बंद झाला. पावलं ऐकू आली, मग दाराची कडी, मग खुर्ची ओढल्याचा आवाज. अहिल्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती, आणि आपण किती ताठ उभ्या आहोत हे तिला समजलं नाही.

"दार लावून घेतलंय मी," पलीकडचा आवाज म्हणाला. "आता बोला."